कळस आधी, कार्ड नंतर

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो १९९९ सालच्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी. पाडव्याला आलेली वस्तू म्हणून मंडळींनी त्याला ओवाळलं, मॉनिटरला झेंडूची माळ घातली आणि डब्यावर अक्षता टाकल्या. ज्याला शहरात सीपीयू म्हणतात त्याला आमच्या घरात 'डबा' म्हणतात. डब्याला भोकं असतात हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यातून चार-दोन अक्षता आत गेल्या, त्या आठ वर्षांनी बाहेर आल्या. पण ते पुढं येईलच.

या आठ वर्षांत कॉम्प्युटर घराबाहेरच्या कुणाशी एक अक्षर बोलला असेल तर शपथ. पोरांनी पत्ते मांडावेत, मी शाळेचे तक्ते टाइप करावेत आणि बाकीच्या वेळी त्यानं विणलेल्या झाकणाखाली माजघराच्या कोपऱ्यात गप्प बसावं. लग्न न झालेला एखादा चुलता असतो ना, घरात असतो, दोन वेळा जेवतो, पण पाहुण्यांत येत नाही; अगदी तसा. मी स्वतः एमएससीआयटी पास झालेला शिक्षक. पगारवाढ अडकू नये म्हणून पास झालो, हे इथं प्रामाणिकपणे सांगतो. त्या परीक्षेत डब्याला पुढून काय करायचं ते सगळं शिकवलं होतं. मागून काय असतं, हा भाग अभ्यासक्रमात नव्हता.

मग २००८ च्या जानेवारीत आमच्या गल्लीत ब्रॉडबँड आलं. माणूस आला, फोनच्या तारेला एक पांढरी डबी जोडून गेला. डबीवर चार हिरवे दिवे लुकलुकायला लागले. आमची आई त्यांना नमस्कारच करणार होती. जाताना त्यानं विचारलं, "गुरुजी, कार्ड हाय न्हवं?"

सरकारी-निमसरकारी माणसानं 'कार्ड' म्हटलं की आमच्या घरात एकच हालचाल होते. मंडळी आत गेल्या आणि लोखंडी कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. तिच्यात केशरी रेशनकार्ड, चौघांची मतदान ओळखपत्रं, गॅसचं पुस्तक, आणि खबरदारी म्हणून माझा नसबंदीचा दाखलाही होता. माणसानं ते सगळं सभ्यपणे बघितलं आणि म्हणाला, "ह्यातलं न्हवं. लॅन कार्ड. नव्या कॉम्प्युटरात ते बोर्डावरच येतंय. तुमचा जुना हाय, निराळं बसवाय लागंल." आणि तो गेला. डबी मात्र लुकलुकत राहिली.

म्हणजे गावात इंटरनेट आलं, घरात आलं, माजघराच्या भिंतीपर्यंत आलं, आणि कॉम्प्युटरपासून सहा फुटांवर येऊन थांबलं.

बाहेरच्या माणसाला यात काही चुकलं असं वाटेल. कडेगावच्या माणसाला नाही. आमच्या गावचे मोहरमचे ताबूत प्रसिद्ध आहेत. शंभर फुटांच्या वर जाणारे, बांबूचे, रंगीत कागदानं मढवलेले. काहींचा मान मुसलमान घराण्यांकडं, काहींचा हिंदू घराण्यांकडं, आणि चौकात त्यांच्या भेटी व्हायच्या दिवशी लोक कौलांवर, गच्च्यांवर बसलेले असतात. या ताबुतांची बांधणी उलटी. आधी कळस तयार करायचा, तो उचलायचा, त्याच्याखाली मजला बांधायचा, तो उचलायचा, त्याच्याखाली आणखी एक. पाया सगळ्यात शेवटी. त्या वर्षी मोहरम जानेवारीतच आला होता आणि गावभर बांबू पडले होते. तेव्हा इंटरनेट आधी आणि ते शिरायची जागा नंतर, या क्रमाचं आमच्या गल्लीत कुणालाच नवल वाटलं नाही. शेजारचे तात्या तर म्हणाले, "बरोबर हाय गुरुजी. आता हळूहळू खाली बांधत यायचं."

तात्या वर्षाचे अकरा महिने शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करतात आणि बाराव्या महिन्यात ताबुताच्या बांबूला हात लावतात. आमच्या भागातल्या माणसाला यंत्राची भीती नाही, त्याचं कारण मला नेहमी किर्लोस्करवाडी वाटत आलंय. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला. तेव्हापासून पंचक्रोशीत प्रत्येक घरात एकजण तरी असा असतो, की जो बंद पडलेल्या कुठल्याही वस्तूकडं बघून "उघडा" म्हणतो. बंद करता येतं का, हा प्रश्न त्याला नंतर पडतो.

---

कार्ड आणायला मी कराडला गेलो. एसटीनं सुर्ली घाट उतरला, ओगलेवाडी मागं टाकली आणि कराडात एका दुकानात उभा राहिलो. दुकानातला मुलगा माझ्या शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्यानं विचारलं, "पीसीआय का आयएसए?"

मी शिक्षक आहे. मला प्रश्न विचारायची सवय आहे, उत्तर द्यायची नाही. मी म्हणालो, "दोन्हींत चांगलं कुठलं?"

"चांगल्याचा प्रश्न नाही सर. तुमच्या बोर्डावर स्लॉट कुठले आहेत? आखूड पांढरे असले तर पीसीआय. लांब काळे असले तर आयएसए, ती जुनी पद्धत."

मी दुकानातूनच घरी फोन लावला. तात्यांना बोलावलं. मागची पिन काढून डबा उघडायला सांगितला. तात्या "उघडतो" म्हणाले, ते पहिला शब्द संपायच्या आत उघडूनच. फोन मंडळींच्या हातात होता.

"अहो, आत पांढरं बी हाय, काळं बी हाय. एक बुटकं तपकिरी हाय. आणि एक झुरळ हाय."

"झुरळ जाऊ दे. पांढरे किती?"

"तीन. अहो, पण ते हालतंय."

"पांढरं हालतंय?"

"झुरळ."

पोरानं काउंटरवरून ऐकलं आणि न बोलता पीसीआयचं कार्ड पुढं ठेवलं. तपकिरी बुटकं म्हणजे चित्राचं कार्ड बसवायचा एजीपी स्लॉट, त्याला हात लावू नका, एवढं वर सांगितलं. अडीचशे रुपये, एक तार आणि एक ड्रायव्हरची फ्लॉपी. घरी येईपर्यंत मी एसटीत ते कार्ड तीनदा पिशवीतून काढून बघितलं. तळहाताएवढी हिरवी पट्टी, खाली सोन्यासारख्या चमकणाऱ्या दातांची ओळ, आणि मधोमध एक काळी चिप. चिपवर आरटीएल ८१३९ असा नंबर आणि त्याच्या शेजारी खेकड्याचं चित्र.

खेकडा! ही चिप तैवानच्या रिअलटेक कंपनीची आणि खेकडा हे त्यांचं बोधचिन्ह आहे, हे मला पुढं कळलं. पण घाट चढणाऱ्या एसटीत मराठी माणसाच्या हातात खेकडा पडला की त्याच्या मनात काय येतं, ते तैवानच्या लोकांना कुणी सांगितलं नसावं. आमच्याकडं खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, कारण एक वर चढला की बाकीचे त्याला खाली ओढतात, आणि हे उदाहरण आम्ही वर्षानुवर्षं आमच्याच बद्दल मोठ्या अभिमानानं देत आलो. आणि या लोकांनी त्याच प्राण्याला माणसांना एकमेकांशी जोडायच्या कामावर लावलं होतं.

---

कार्ड बसवायचा दिवस मंडळींनी ठरवला, कारण मी ठरवलेल्या दिवशी अमावास्या होती. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याची वीज काढली, पाटावर जुना टॉवेल अंथरला, त्यावर डबा आडवा निजवला. तात्या कमरेला टेस्टर लावून हजर. थंडी कडाक्याची, दोघांच्याही अंगात लोकरीचे स्वेटर. कराडच्या पोरानं मला एकच गोष्ट दोनदा बजावली होती : स्वेटर काढा आणि कार्डाला हात लावायच्या आधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा, नाहीतर अंगावरची वीज कार्डात जाईल. लोकरीमुळं अंगावर जी वीज साठते तिचा आपल्याला जाणवण्याइतका चटका बसला, तर ती काही हजार व्होल्टची असते. आणि चिपला त्याच्या कितीतरी कमी पुरते. तात्यांना हे सांगितलं तर ते माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागले की जणू मी त्यांच्या खानदानाबद्दल काही बोललो.

"गुरुजी, चारशे चाळीसच्या मोटारीला हात घालतोय मी. स्वेटर काढू?"

शेवटी मी स्वेटर काढला आणि तात्यांनी ठेवला. कुडकुडत मी पत्र्याला हात लावला. त्या पत्र्यानं माझ्या अंगातली वीज घेतली की राहिलेली ऊब, हे आजही सांगता येणार नाही.

आठ वर्षांची धूळ म्हणजे आमच्या गावचा इतिहासच. दिवाळीतल्या पणत्यांची काजळी, पिठाच्या गिरणीवरून येणारा भुगा, शेजारी ट्रॅक्टर फिरला की उठणारा फुफाटा. तात्यांनी सायकलचा पंप आणला आणि हवा मारली. माजघर पाच मिनिटं दिसेनासं झालं. धूळ बसल्यावर डब्याच्या तळाशी चार अक्षता, एक सेफ्टीपिन आणि एक चार आण्यांचं नाणं सापडलं. अक्षता बघून मंडळी हळव्या झाल्या. नाणं आईनं कमरेला लावलं.

मग स्लॉटच्या मागची पत्र्याची पट्टी तोडायची. ती पट्टी स्वस्तातल्या डब्याला नुसती चिकटलेली असते. मागं-पुढं वाकवली की तुटते. मी हळुवार वाकवत होतो. तात्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि दाताच्या डॉक्टरसारखी एका हिसड्यात काढली. कार्ड आता स्लॉटवर टेकवायचं आणि दाबायचं. सोपं वाटतं. पण ज्या वस्तूला अंगावरच्या विजेनं इजा होते तिला दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं, हे मनाला पटत नाही. मी दाबत होतो की कुरवाळत होतो, कुणास ठाऊक.

"दाबा की गुरुजी, लेकरू न्हाय ते."

'कच्च' असा आवाज झाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा कार्ड बसलेलं होतं, सोन्याचे दात पूर्ण आत गेले होते. राहिला होता एकच स्क्रू. आणि तो स्क्रू, ज्यांनी आयुष्यात कधी डबा उघडलाय त्यांना मी वेगळं सांगायला नको, माझ्या बोटातून सुटून बोर्डाच्या खाली गेला. ही गोष्ट पुण्यातही होते, अमेरिकेतही होते. तिथं लोक लोहचुंबकाचा स्क्रू-ड्रायव्हर वापरतात म्हणे. आमच्याकडं तात्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलला आणि सुपासारखा पाखडला. स्क्रू आला, आणि सोबत पाचवी अक्षता.

---

डबा चालू केला आणि विंडोज ९८ नं पडद्यावर कळवलं की नवीन हार्डवेअर सापडलं. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. आमच्या माजघरात एवढ्या गोष्टी सापडल्या होत्या त्या दिवशी, त्यात ही कॉम्प्युटरनं स्वतः शोधलेली पहिली. त्यानं ड्रायव्हर मागितला. फ्लॉपी घातली. १.४४ मेगाबाइटची ती चौकोनी चकती करकर करत वाचली गेली. मग त्यानं सांगितलं : आता विंडोज ९८ ची सीडी घाला.

ज्यांचा संसार विंडोज ९८ बरोबर झालाय त्यांना ही सवय माहीत आहे. नेटवर्कचं काहीही बसवायला गेलं की त्याला स्वतःच्याच काही फाइली पाहिजे असतात, आणि त्या त्याच्याकडं नसतात. सीडी टेबलाच्या खणात असायला हवी होती. नव्हती. देव्हाऱ्याच्या खाली नव्हती, पोरांच्या दप्तरात नव्हती. घरात शोध चालू असताना आई शांतपणे म्हणाली, "ती चकचकीत चकती? ती आबांनी नेली न्हवं का शाळवात."

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, त्या वेळी ऐंशीच्या पुढचे. जानेवारीत शाळू निसवला की पाखरांची झुंड उतरते. पूर्वी गोफण, डबडं वाजवणं, बुजगावणं हे सगळं असे. पण अलीकडं सीडी दोऱ्यानं टांगली की उन्हात तिची झळाळी फिरते आणि पाखरं बुजतात, हा शोध आमच्याकडं कुणी लावला ते माहीत नाही. पण बघता बघता सगळ्या शिवारात पसरला. बागांत, शाळवात, कुठंही जा, आरत्या, तमाशे, लग्नाच्या कॅसेटी भरलेल्या सीड्या उन्हात चमकत असतात.

मी शेतात गेलो. आबा माळ्यावर बसले होते, मांडीवर गोफण. आणि ताटांच्या मधोमध, चिंचेच्या काठीला टांगलेली, मायक्रोसॉफ्टची मूळ परवान्यासह आलेली सीडी वाऱ्यावर गिरक्या घेत होती. तिच्यावरचं नाव दिसत होतं. एकही पाखरू जवळ येत नव्हतं. इतक्या चांगल्या कामावर ती आमच्या घरात कधी लागली नव्हती.

"आबा, ही सीडी लागतीय."

"कशापायी?"

"कॉम्प्युटरला."

"त्यो काय पाखरं हाकतोय व्हय?" आबा म्हणाले. पण दिली. "सांजच्याला परत आण," हेही म्हणाले.

घरी आणून ती कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणानं धुतली. एका बाजूला पाखरानं आपलं मत नोंदवलं होतं, ते निघालं. ओरखडे राहिले. सीडी आत गेली, घरघरली, आणि फाइली उतरायला लागल्या. सत्याऐंशी टक्क्यांवर थांबल्या. तात्यांनी डब्यावर हात ठेवला, ताप बघतात तसा. "चाललंय की आत," म्हणाले. ते बरोबर होते. पाच मिनिटांनी अठ्ठ्याऐंशी झाले. मग कॉम्प्युटर म्हणाला, आता मला बंद करून पुन्हा चालू करा. केला. पुन्हा सीडी मागितली. पुन्हा चालू करा म्हणाला. तोपर्यंत आम्ही त्याला अकरा वेळा चालू केला. आमच्या तात्यांच्या मोटारींनासुद्धा एवढा सोस नाही.

या चालू-बंदच्या मधल्या वेळात वाचायला मी एक जुनं पुस्तक काढलं, आणि त्यात एक गोष्ट अशी वाचली की मी ती लगेच ग्रामपंचायतीत वाचून दाखवावी असं वाटलं. आपण ज्याला इथरनेट म्हणतो, म्हणजे या कार्डानं जोडायचं जाळं, ते रॉबर्ट मेटकाफ नावाच्या माणसाच्या डोक्यातून निघालं. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात २२ मे १९७३ रोजी त्यानं एक टिपण लिहिलं आणि त्यात हे नाव ठेवलं. 'ईथर' म्हणजे प्रकाश ज्याच्यातून प्रवास करतो असं एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञ मानत ते सर्वत्र भरलेलं द्रव्य. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले यांनी प्रयोग करून बघितलं तेव्हा त्याचा काही मागमूस लागला नाही. म्हणजे जे नाहीच, त्याच्या नावावर हे सगळं जाळं उभं आहे. आपल्याकडं असल्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण आम्ही त्यांना संस्था म्हणतो.

मात्र मला हरखून टाकलं ते त्या जाळ्याच्या मूळ नियमानं. एकाच तारेवर सगळे कॉम्प्युटर जोडलेले. ज्याला बोलायचंय त्यानं आधी ऐकायचं. कुणी बोलत असेल तर गप्प बसायचं. कुणी बोलत नसेल तरच बोलायचं. दोघं एकाच वेळी बोलले आणि शब्द एकमेकांवर आदळले, तर दोघांनीही ताबडतोब थांबायचं, आणि प्रत्येकानं आपल्या मनानं कमी-जास्त वेळ थांबून मग पुन्हा प्रयत्न करायचा. पुन्हा आदळले तर थांबायची मुदत आणखी वाढवत न्यायची. सोळा वेळा जमलं नाही तर नाद सोडून द्यायचा.

मी आमच्या ग्रामसभेला पंचवीस वर्षं हजर राहिलोय. दोघं एकाच वेळी बोलले तर दोघांनी थांबायचं, ही कल्पना तिथं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. तिथं दोघं बोलले तर तिसरा उठतो आणि दोघांपेक्षा मोठ्यानं बोलतो. आणि सोळाव्या वेळी नाद सोडायचा हे तर आमच्या बांधाच्या भांडणातल्या कुणालाच मान्य होणार नाही. पुढं स्विच आले, प्रत्येकाला स्वतंत्र वाट मिळाली आणि हा नियम पाळायची गरज उरली नाही, असंही त्या पुस्तकात होतं. गरज उरली नाही हे वाचून मला आमची ग्रामसभा काळाच्या पुढं असल्याचं जाणवलं.

---

बाराव्यांदा चालू केला तेव्हा डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत आमचं कार्ड आलं, पण त्याच्या कपाळावर पिवळं उद्गारचिन्ह. पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, आयआरक्यू भांडतोय."

त्यानं समजावलं ते असं. डब्यात प्रोसेसर एकटा काम करत असतो, आणि प्रत्येक उपकरणाला मधेच "मालक, जरा इकडं" म्हणायचा अधिकार हवा असतो. त्यासाठी शून्य ते पंधरा अशा सोळा हाका ठरलेल्या. कीबोर्डाची एक, घड्याळाची शून्य, असं वाटप. आमचं जुनं साउंड कार्ड काळ्या स्लॉटातलं, ते पाच नंबरच्या हाकेवर आठ वर्षं बसून होतं. नवं कार्डही पाचवरच बसायला बघत होतं. दोघांनाही तीच हाक, मालकाला कळेना कोण हाक मारतंय.

तात्यांनी हे ऐकून एका वाक्यात निकाल दिला, "म्हंजे एकाच गटात दोघांची नावं लागलीत."

सातबाऱ्याचीच गोष्ट! फक्त इथं तलाठी नव्हता, आणि म्हणूनच ती दहा मिनिटांत मिटली. भाच्यानं सांगितलं, कार्ड शेजारच्या पांढऱ्या स्लॉटात बसवा, हाक बदलते. डबा उघडला, पुन्हा स्वेटर काढला, पुन्हा कच्च. या वेळी स्क्रू पडला नाही, कारण तात्यांनी तो आधीच दातात धरला होता. चालू केल्यावर पिवळं चिन्ह गेलं. काळ्या स्लॉटातलं म्हातारं आपल्या पाचावर तसंच बसलं, नव्याला दुसरी हाक मिळाली, आणि आमच्या घरातला हा पहिलाच वाद असेल जो कोर्टात न जाता सुटला.

मग भाच्यानं विनआयपीसीएफजी नावाची खिडकी उघडायला सांगितली. तिच्यात कार्डाचा पत्ता. बारा अक्षरांचा, जन्मतःच कारखान्यात कोरलेला. पहिली सहा अक्षरं कंपनीची, पुढची सहा त्या एका कार्डाची. आई खुर्ची ओढून जवळ आली. तिला सांगितलं, "हे त्याचं कूळ, आणि हे त्याचं नाव."

"कूळ कुठलं?"

"तैवान."

आई थोडा वेळ विचार करून म्हणाली, "बरं हाय. लांबचं हाय, कुणी विचारायला येणार न्हाय."

---

तरी दिवा लागेना. कार्डाच्या मागं तार घुसते तिथं एक छोटा हिरवा दिवा असतो, तो लागला म्हणजे पलीकडची डबी आणि अलीकडचं कार्ड एकमेकांना ओळखू लागली. तो लागेना. कराडहून आणलेली तार सहा फुटांची, पण ती खिडकीवरून फिरवून आणली तेव्हा आठ फूट लागली. म्हणून भाचा दिवाळीत सोडून गेला होता ती जुनी तार काढली. त्या तारेच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पारदर्शक बोंडात आठ रंगीत तारा एका पंगतीत बसलेल्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. या आठांतल्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या एवढ्याच आमच्या कार्डाच्या कामाच्या. बाकीच्या चार नुसत्याच पंगतीला बसलेल्या. आमच्या लग्नातल्या मानकऱ्यांशी हे इतकं जुळतं की मी यावर जास्त लिहीत नाही, पाहुणे वाचतात.

रंग बरोबर होते. तार बदलून बघितली. कार्ड पुन्हा दाबलं. भाचा फोनवर "पिंग करा, पिंग करा" म्हणत होता. १२७.०.०.१ ला पिंग केलं. हा पत्ता प्रत्येक कॉम्प्युटरचा स्वतःचा. म्हणजे त्यानं स्वतःलाच हाक मारायची आणि स्वतःच ओ द्यायची. लगेच चार उत्तरं आली. स्वतःशी बोलायची सवय आठ वर्षांची, त्यात त्याची चूक होईल कशाला. डबीला हाक मारली, १९२.१६८.१.१. उत्तर आलं नाही. वेळ संपली, वेळ संपली, वेळ संपली, वेळ संपली.

तात्या मागं वाकले. त्यांना इंग्रजी येत नाही आणि पिंग म्हणजे काय हे त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी नुसती तार दोन बोटांत धरली आणि आत ढकलली. "टक्."

दिवा लागला.

"खटका लागला नव्हता गुरुजी," ते म्हणाले. "बांबूचं बी तसंच. आवाज आल्याबिगर बसलं म्हणायचं न्हाय."

मी पुन्हा पिंग टाइप केलं, एंटर दाबायला बोट नेलं, आणि लाइट गेली.

लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं होतं. मीच लावलं होतं. आबा अंधारात आत आले, कोनाड्यातला प्रभाकर कंदील काढला, काच पुसली, काडी लावली. ओगलेवाडीच्या कारखान्याची ती काच, माझ्या लग्नाआधीपासूनची, आणि तिला आजतागायत ड्रायव्हर लागलेला नाही. कंदिलाच्या उजेडात आबांनी ड्रॉवरमधली सीडी हळूच उचलली, धोतराच्या सोग्यात खोवली आणि निघून गेले.

रात्री साडेअकराला लाइट आली. एकटाच बसून मी ती हाक पुन्हा टाइप केली. चार उत्तरं आली, डबीकडून. मग मी पलीकडच्या जगाला हाक मारली. तिकडूनही आली. पहिलं पान उघडायला दीड मिनिट लागलं. कुठलं पान होतं ते आठवत नाही, वाचलंही नाही. मी नुसता मागं जाऊन डब्याच्या पाठीवरचा तो हिरवा दिवा बघत होतो.

काही दिवसांनी ताबुतांच्या भेटी. घर पाहुण्यांनी भरलं, पुण्याचा भाचा आला. चौकात गर्दी, गच्च्यांवर गर्दी. उंच ताबूत डुलत एकमेकांसमोर आले तेव्हा तात्या कुठल्या तरी दोरावर लटकलेले दिसले, त्या दिवशीही स्वेटर होताच. घरी आल्यावर भाच्यानं चहा घेता घेता कॉम्प्युटर चालू केला.

"मामा, सीडी डिस्कवर कॉपी करून ठेवली नाही का? म्हणजे ती पुन्हा मागत नाही. आणा, एवढं एकदा करून टाकू. कायमची कटकट जाईल."

"आत्ता?"

"दोन मिनिटांचं काम आहे."

मी चपला घातल्या. ऊन उतरत होतं. शिवारात शाळवाची कणसं दुधात आलेली आणि चिंचेच्या काठीवर ती चकती गरगरत होती, तिच्यावरून तिरका प्रकाश थेट माझ्या डोळ्यांत. आबा माळ्यावरच होते. त्यांनी मला बांधावरून येताना बघितलं, गोफण मांडीवरून उचलली आणि तिच्यात शांतपणे एक खडा भरला.